समोरून येणाऱ्याचे डोळे

तुळशीरामभाऊ इंगळे माणसांशी मोजकंच बोलत. रस्त्यावरच्या गाड्यांशी मात्र त्यांचं सारखं काहीतरी चालू असायचं. समोरून ट्रक दिसला की तो बराच लांब असतानाच ते आपला लाइट खाली घेत, डिपर देत. अरुंद पुलावर एखाद्यानं थांबून वाट दिली, तर पलीकडे गेल्यावर एकदाच हलकेच लाइट मिचकावत. तेवढ्यात त्याचे आभार मानून व्हायचे. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पुढं खड्डा आहे हे सांगायचं असेल तर ब्रेकवर पाय नुसता टेकवत, म्हणजे मागचा लाल दिवा लागे आणि तो सावध होई. मी पुढच्या सीटवर, त्यांच्या शेजारी बसून हे सगळं बघत असे.

मी शिक्षिका. राहायला चिखलीत आणि शाळा देऊळगाव राजाच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात. एस.टी.ची वेळ शाळेशी कधी जुळलीच नाही, म्हणून नोकरीतली बहुतेक वर्षं मी तुळशीरामभाऊंच्या काळ्या-पिवळ्या जीपनं जाणं-येणं केलं. पुढची जागा त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवलेली असे. एखादा माणूस तिथं बसायला लागला की म्हणत, "मांगं बसा भाऊ, थे मॅडमची जागा हाये." त्यात मोठा आदर दाखवायचा आव नसे. चिखलीच्या स्टँडवर पाण्याचा नळ जिथं आहे तिथं आहे, तशी ती मॅडमची जागा होती.

उंच, किडकिडीत माणूस. खाकी शर्ट, गळ्यात चौकड्याचा रुमाल. जीपमध्ये गाणी लावायचे नाहीत. कुणी आग्रह केलाच तर सांगत, "गानं लावलं का मांगच्याचा हार्न ऐकू येत नाई." स्टिअरिंगच्या वर काचेला चिकटवलेली बाबासाहेबांची छोटी तसबीर, आणि तिच्याखाली घडी करून ठेवलेलं एक जुनं सुती फडकं. जीप थांबली, माणसं चढायला-उतरायला लागली, की हे फडकं घेऊन खाली उतरत आणि पुढच्या दिव्यांच्या काचा पुसत. मग मागं जाऊन लाल दिवेही. मागच्या बाकावरची पोरं थट्टा करायची. "भाऊ, तोंड धुऊन झालं असंल तिचं त चला आता!" तुळशीरामभाऊ शांतपणे फडकं झटकत. "धुळीच्या काचेतून उजेड फाकते बे. रस्त्यावर कमी पडते अन समोरच्याच्या डोयात जास्त जाते." पोरं हसायची. पुढच्या थांब्यावर फडकं पुन्हा बाहेर.

एकदा हिवाळ्यात आम्ही परत येत होतो. दिवेलागणीची वेळ. समोरून एक टेम्पो आला, फुल लाइट लावून. तुळशीरामभाऊंनी डिपर दिला. त्यानं लाइट खाली घेतला नाही. यांनी पुन्हा दिला. तो तसाच. काचेवर सगळा पांढरा चिखल झाल्यासारखं झालं, रस्त्याची कड दिसेना. मागून एक म्हातारे गृहस्थ संतापून म्हणाले, "तुमी बी मारा ना फुल! कयू द्या त्याले!"

तुळशीरामभाऊंनी गाडी डाव्या अंगाला घेतली, जवळजवळ उभीच केली. टेम्पो धडधडत गेला. मग म्हणाले, "मी बी फुल मारला त त्याले दिसनं बंद होईल बाप्पा. अन तो आपल्याच आंगावर येऊन राह्यला हाये."

सगळी जीप हसली. ते म्हातारेही हसले.

दुसरा एक प्रसंग मला विसरता येत नाही. कापूस वेचणीचे दिवस होते. सूर्य नुकताच बुडालेला. रस्त्याच्या कडेनं बाया शेतातून घरी चालल्या होत्या, एकीमागं एक. तुळशीरामभाऊंनी मोठे दिवे बंदच केले, नुसते पार्किंगचे बारके दिवे ठेवले आणि माणूस चालेल त्या गतीनं जीप नेऊ लागले. मागं कुरकुर सुरू झाली. मलाही घरी जायची घाई होती. मी विचारलं, "भाऊ, डिपरवर चालणार नाही का?"

"त्यायच्या डोक्शावर भारे हायेत मॅडम. दोन्ही हात वर गुतले. डोयावर हात धराले हात कुठून आनतील?"

मी बाहेर पाहिलं. खरंच, प्रत्येकीचे दोन्ही हात डोक्यावरच्या गाठोड्याला होते. जीप जवळून गेली तेव्हा त्यातली एक, बिनदिव्याची गाडी कुठून आली म्हणून, रागानंच आमच्याकडं बघत होती. तुळशीरामभाऊंना त्याचं काही नव्हतं.

ओव्हरटेक करण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी लोकांच्या फार शिव्या खाल्ल्या. आपल्याकडं पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा त्याचा अर्थ कधी 'या, पुढं जा' असा असतो, तर कधी 'मी उजवीकडं वळतोय' असा असतो. सगळे ड्रायव्हर अंदाजानं घुसतात. हे घुसायचे नाहीत. ट्रकच्या मागं मागं राहायचे. एकदा देऊळगाव महीच्या अलीकडे असंच झालं. ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला, मागून लोक ओरडले, "तो बोलवून राह्यला ना तुमाले! काऊन थांबले?" तुळशीरामभाऊ म्हणाले, "बोलवून राह्यला का वळून राह्यला, हे त्यालेच माहीत." पुढच्या क्षणी तो अवजड ट्रक रस्ता आडवा कापून उजवीकडच्या ढाब्यात शिरला. जीपमधली एक बाई पोराला जवळ ओढून म्हणाली, "माय वं." तुळशीरामभाऊंनी गिअर टाकला आणि गाडी पुढं घेतली. घरी मुलांना सांगण्यासारखा हा प्रसंग होता. त्यांनी तो पुढं कधी उच्चारलाही नाही.

त्यांना एकच मुलगा, संतोष. देखणा, हसरा, बापाच्या अगदी उलट बोलका. त्यानं जुनी पिकअप घेतली आणि जालन्याच्या बाजाराला भाजीपाला, सोयाबीन असा माल न्यायला लागला, तेव्हा तुळशीरामभाऊंनी मला पेढे खायला घरी बोलावलं. अंगणात गाडी उभी होती. झेंडूचा हार घातलेली. आणि पुढच्या बंपरवर आडव्या रांगेत चार पांढरे लाइट, नवे कोरे, प्रत्येक वाटीएवढा.

तुळशीरामभाऊ त्या लाइटांकडं बघत उभे होते.

"मॅडम, तुमीच सांगा बाबाले," संतोष म्हणाला. "रस्त्यावर खड्डे, मधात डुकरं येतात, रोही येतात. गाडीच्या लाइटात काय दिसते? साऱ्यायनं बसवेल हायेत. मी एकट्यानंच अंधारात जावं काय?"

"तुले दिसते," तुळशीरामभाऊ म्हणाले, "पन समोरून येनाऱ्याले?"

"डिपर देईन ना मी."

"डिपरनं गाडीचे लाइट खाली जातीन. ह्या चौघायचं बटन येगळं हाये. ते दाबाची आठवन राहीन तुले?"

"राहीन, बाबा." संतोष हसला. त्यानं बापाच्या हातात पेढा ठेवला.

शांताबाई, तुळशीरामभाऊंच्या बायको, दारातून म्हणाल्या, "आजच्या दिवशी त काई बोलू नका. पोरगं कमावून राह्यलं."

संतोष वाईट मुलगा नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं तर गाडी थांबवून घ्यायचा. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. तो रस्ता खरोखरच तसा होता, आणि समोरून येणाऱ्या निम्म्या गाड्यांवर तसे लाइट होते. बापलेकांची त्यावरून खटकाखटकी मात्र होऊ लागली. तुळशीरामभाऊ त्याच्या गाडीत बसले की दर गाडीला "बटन दाब, बटन दाब" म्हणत. संतोष चिडायचा. शेवटी शांताबाईंनी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं की त्याच्या गाडीत बसल्यावर त्याला टोकायचं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते घडलं. तुळशीरामभाऊंनी मला ते नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं, कधी जाताना, कधी येताना. मी इथं सलग सांगते.

त्या दिवशी जीप दुरुस्तीला टाकलेली होती. देऊळगाव राजाला एका नातेवाइकाकडं जाऊन ते संध्याकाळी संतोषच्या पिकअपमधून परत येत होते. अंधार पडला होता. समोरून एक मोटारसायकल आली. संतोषनं डिपर दिला. बंपरवरचे चार लाइट तसेच राहिले. तो बोलण्याच्या नादात होता; बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, तिकडची, सासुरवाडीची काही गंमत सांगत होता. तुळशीरामभाऊंच्या तोंडाशी शब्द आला होता. पण बायकोला दिलेला शब्द आठवला, आणि पोरगा बऱ्याच दिवसांनी मोकळं बोलत होता. ते गप्प राहिले. मोटारसायकलचा दिवा थोडा हलला, कडेला गेला, आणि मग दिसला नाही.

"थांब," तुळशीरामभाऊ म्हणाले.

"काऊन?"

"तो गाडीवाला कुठी गेला?"

संतोषनं आरशात पाहिलं. "शेताच्या वाटेनं वळला असंन, बाबा." गाडी पुढं निघालीच होती. तुळशीरामभाऊंनी मागं वळून पाहिलं, अंधारच होता. पुन्हा 'थांब' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दुरुस्त होऊन आली होती आणि मी नेहमीसारखी शेजारी बसले होते. वाटेत दोन माणसं चढली, चढता चढताच सांगू लागली. रस्त्यावरच्या मोरीखाली माणूस सापडला. मोटारसायकल अंगावर. भास्कर, अमक्या गावचा. ते गाव माझ्या शाळेचंच. भास्करची मुलगी माझ्याच वर्गात होती.

"पेला असंन," एकजण म्हणाला. "आधी लय पेत होता."

"सोडली होती म्हनत."

"सोडते काय कोनी? गाडीले ना कशाची धडक, ना काई. सपाट रस्त्यावरून सरळ खाली गेला. पेल्याशिवाय जाते काय कोनी?"

"लगेच नाई गेला म्हनतात. बराच वेळ जिता असंन. कोनाले दिसलाच नाई."

जीपचा वेग कमी होत होत ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मी तुळशीरामभाऊंकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले होते. मी म्हटलं, "भाऊ, बरं वाटत नाही का?" त्यांनी मान हलवली, गाडी सुरू केली. त्या दिवशी कुठल्याच थांब्यावर ते खाली उतरले नाहीत.

संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा अंगणात पिकअप उभी होती आणि तिच्या बंपरवर लाइट नव्हते. स्क्रूंची भोकं तेवढी राहिली होती. संतोष आत झोपला होता, तोंडावर पांघरूण घेऊन. बातमी त्याच्यापर्यंतही पोचली होती. शांताबाईंनी तीन ताटं वाढली आणि तिन्ही तशीच उचलली.

पुढचे दिवस कसे गेले ते त्या घरालाच माहीत. संतोष म्हणत होता, "मी कोनाले धडक देली काय? मले दिसलं बी नाई." शांताबाई नवऱ्याच्या पाया पडल्या. त्यांचा भाऊ चिखलीहून समजावायला आला. "ते घर कोनाचं हाये माहीत हाये ना, दाजी? सारी भावकी हाये त्यायची त्या गावात. आपली घरं किती? उद्या काई झालं त कोन येईन?" तुळशीरामभाऊ ऐकून घेत. आणि रोज त्या मोरीवरून जीप नेत. मागच्या बाकावर रोज कुणीतरी भास्करचं नाव काढी. रोज त्याची दारू वाढत होती. कुणी म्हणे खिशात बाटली सापडली, कुणी म्हणे चिखलीत त्याला झिंगताना पाहिलं. पोस्टमार्टेममध्ये काय निघालं ते विचारायला कुणी गेलं नव्हतं.

भास्करची मुलगी शाळेत यायला लागली होती. एका मुलानं तिला 'बेवड्याची' म्हटलं आणि मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. हे मी परतताना तुळशीरामभाऊंना सांगितलं. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. ते ऐकून त्यांनी विचारलं, "केवढी हाये पोट्टी?" मी म्हटलं, "चौथीत आहे."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेच्या फाटकाशी उभे. जीप झाडाखाली लावलेली, रिकामी. धुतलेला पांढरा शर्ट घातलेला.

"मॅडम, भास्करचं घर दाखवता काय?"

मला वाटलं, भेटायला आले असतील. ओळखीपाळखीचा माणूस गेला की जातात लोक. चालता चालता त्यांनी झालेलं थोडक्यात सांगितलं. मी थांबले. म्हटलं, "भाऊ, जरा विचार करा." ते म्हणाले, "विचारच करून राह्यलो इतके दिवस."

भास्करची आई ओट्यावर गहू निवडत बसली होती. धाकटा भाऊ बैलांना पाणी दाखवत होता. तुळशीरामभाऊ अंगणात उभे राहिले. हात जोडले.

"माय, मी तुळशीराम इंगळे. जीप चालवतो. तुमचा भास्कर पेला नव्हता."

म्हातारीनं मान वर केली.

"समोरून आमची गाडी येत होती. माह्या पोराची. मी आतमंदी बसेल होतो. आमच्या लाइटानं त्याले रस्ता दिसला नाई. तो खाली गेला. मी थांब म्हनलो, पन पोरानं गाडी थांबवली नाई, अन मी बी उतरलो नाई. उतरलो असतो त…"

धाकट्या भावानं बादली टाकली आणि येऊन त्यांची कॉलर धरली. तुळशीरामभाऊंनी हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. मी मधे पडले, माझं कोण ऐकतंय. तेवढ्यात म्हातारी ओरडली, "सोड त्याले! सोड म्हनते ना!" त्यानं कॉलर तशीच धरून ठेवली. "इतके दिवस सारं गाव माह्या लेकाले बेवडा म्हनून राह्यलं," ती म्हणाली, "अन तू बी म्हनत होता. हा एकटा मानूस सांगाले आला का तो पेला नव्हता. सोड."

दारात भास्करची बायको येऊन उभी होती. ती खाली बसली, चौकटीला धरून.

"मले शपथ घालून सोडली होती त्यायनं," ती कुणाला उद्देशून बोलत होती कळेना. "मले वाटलं, शपथ मोडली. मी रडली बी नाई हो नीट. राग धरून बसली होती मी त्यायच्यावर."

आणि मग ती रडायला लागली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या. माणूस जाऊन कितीतरी दिवस झाले होते, आणि त्या घरात मरण जणू त्या दुपारी झालं.

म्हातारी तुळशीरामभाऊंना म्हणाली, "हे मले सांगतलं तसं पारावर येऊन सांगा. साऱ्यायच्या देखत." ते म्हणाले, "हाव." संध्याकाळी मारुतीच्या पारावर, सगळी माणसं शेतातून परतल्यावर, त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. एकही शब्द आपल्या बाजूला वळवला नाही. एकानं शिवी दिली. एकानं विचारलं, आता कशाला आला. म्हातारी काठी टेकून पाराच्या खाली उभी होती, त्यांचं बोलणं संपेपर्यंत हलली नाही. मारहाण झाली नाही ती तिच्यामुळं.

दुसऱ्या दिवशी ते सरपंचाला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडीला गाडी लागली नाही. ओरखडा नाही. तो पडताना पाहिलेलं कुणी नाही. मी कशाचा गुन्हा लिहू?" तरी जबाब घेतला. संतोषला दोनदा बोलावलं, मग तेही थांबलं.

पण लोकांचं बोलणं थांबत नाही. संतोषकडं माल द्यायला कुणी तयार होईना. त्या गावच्या हद्दीतून पिकअप न्यायची त्याला भीती वाटू लागली. गाडी विकून तो बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन जालन्याला गेला, लोखंडाच्या कारखान्यात लागला. निघताना बापाला म्हणाला, "पोलिसायनं मले सोडलं बाबा. तुमी नाई सोडलं." हे मला शांताबाईंनी सांगितलं. सांगताना त्या भाकरी थापत होत्या, थापायच्या थांबल्या नाहीत. "सारे म्हनतात, देवमानूस हाये तुमचा मालक, खरं बोलला. खरं बोलला न बाई. पन माह्या पोराचं नाव घ्या लागलं त्याले. आपलंच सांगतलं असतं, मी चालवत होतो म्हनून, त काय झालं असतं?"

मी हे तुळशीरामभाऊंना एकदा विचारलं.

"मनात आलतं मॅडम. लय डाव आलतं. पन मंग एका मेलेल्या मानसाचं खोटं पुसाले जाऊन मी अजून एक खोटं ठेवून आलो असतो त्याच्या दारात."

त्यानंतर काही महिने त्यांनी जीप चालवली, पण अंधार पडायच्या आत घरी. संध्याकाळची फेरी बंद झाली, मला शेवटच्या तासानंतर एस.टी.ची वाट बघत बसावं लागे. आधी वाटलं, म्हातारपण असेल. मग एकदा शाळा लवकर सुटली आणि ढगाळ दुपारी त्यांच्या जीपनं परतताना मला कारण दिसलं. समोरून साधी मोटारसायकल आली, लाइट लावून. तुळशीरामभाऊंनी करकचून ब्रेक दाबला, गाडी उभी केली आणि ती मोटारसायकल मागं दिसेनाशी होईपर्यंत आरशात बघत राहिले. नुसती दिसेनाशी होऊन त्यांचं समाधान झालं नाही. खाली उतरले, रस्त्याच्या कडेला जाऊन वाकून पाहिलं. मग येऊन बसले. मागची माणसं काही बोलली नाहीत. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं. उन्हाळ्यात त्यांनी जीप विकली.

मी निवृत्त झाले. चिखलीत कधीमधी ते बाजारात दिसत. दोन शब्द होत. भास्करच्या घरी अधूनमधून जातात, म्हातारी त्यांना ओट्यावर बसवते, असं कुणाकडून तरी कळलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी माझ्या बहिणीकडं जालन्याला गेले होते. परत निघताना बसस्थानकावर बाकावर तुळशीरामभाऊ दिसले. खूप वाळलेले. शेजारी त्यांची सून, आणि समोर उभी चारेक वर्षांची नात. त्यांच्या मांडीवर रुमालात भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा होत्या. मी जवळ गेले. उठायला लागले, मी बसवलं. महिन्यातून एकदा ते इथं येत. घरी जायचं नाही असं ठरलेलं. सून मुलीला घेऊन स्थानकावर येते, घटकाभर बसतात, मग परतीची बस.

मी हळूच विचारलं, "संतोष भेटतो का?"

"तो काय, मांगं उभा हाये," ते म्हणाले. "रसवंतीपाशी. आधी येतच नव्हता. मंग रस्त्याच्या तिकडं उभा राहे. आता इथपावतर येते."

मी पाहिलं. वीस-पंचवीस पावलांवर उसाच्या रसाच्या गाड्याशी संतोष उभा होता, आमच्याकडं पाठ करून. केसांत पांढरं दिसू लागलं होतं. हातातला ग्लास रिकामा होता, तो त्यानं खाली ठेवला नव्हता.

"मी बोलावून आणू?"

"नका, मॅडम." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "घाई केली त निंघून जाईन तो."

माझी बस लागली. मी चढले, खिडकीपाशी बसले. बाकावर तुळशीरामभाऊ शेंगा फोडत होते. दाणे निवडून नातीच्या ओंजळीत घालत होते. ओंजळ भरली की ती दोन्ही हात घट्ट मिटून गर्दीतून पळत रसवंतीकडं जाई, आणि थोड्या वेळानं परत येई, रिकाम्या हातानं. तुळशीरामभाऊ मागं बघत नव्हते. त्यांनी पुढची शेंग उचलली.